पुरानंतर न्हाणीघर आणि संडास : आधी चिखल, मग पावडर

(ऊस विकास विभागाकडून)



२००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर कृष्णा-पंचगंगेच्या काठानं पाहिले. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथं पाणी ५७ फुटांपर्यंत चढलं होतं. पाणी ओसरलं की आपला माणूस आधी बांधावर जातो. सुरळीत गाळ बसलाय का, शेंडा जिता आहे का, हे बघतो. ते बघायलाच पाहिजे. पण घरातलं न्हाणीघर आणि संडास ‘नंतर बघू’ म्हणून मागं राहतं, आणि रोगराई तिथूनच सुरू होते. कारण पुराच्या पाण्यात गावभरच्या संडासाच्या टाक्या, गोठे आणि मेलेली जनावरं यांची सगळी घाण मिसळलेली असते. म्हणून या अंकात उसाऐवजी हा विषय घेतला आहे.

आत पाऊल टाकण्यापूर्वी घराचा मेन स्विच बंद आहे याची खात्री करावी. गिझर पाण्यात बुडाला असेल तर तो वरून वाळला म्हणून चालू करायचा नाही. वायरमननं उघडून तपासल्यावरच बटण दाबायचं. दारावर, बंबाच्या मागं, बादल्यांच्या ढिगावर काठी आपटावी. पुरात सापानं आसरा घेतलेला असतो. भिंत पांढऱ्या मातीची असेल आणि तिला पोट आलं असेल, तर आत जाऊच नये. आणि चिखल काढण्याआधी मोबाईलवर चार फोटो घेऊन ठेवावेत, पंचनाम्याला कामाला येतात.

आता मुख्य काम. बहुतेक घरांत आम्ही एकच गोष्ट पाहतो. ग्रामपंचायतीनं वाटलेली टीसीएल पावडर चिखलावरच मूठमूठ फेकलेली असते. वास सुटतो, घरच्यांना वाटतं जंतू मेले. तणनाशक फवारताना ग्लायफोसेट गढूळ पाण्यात कालवलं तर मातीच त्याला धरून ठेवते आणि तण जसंच्या तसं उभं राहतं, हे आपल्याला माहीत आहे. पावडरीचंही तसंच समजा. तिच्यातला क्लोरीन चिखलातली घाण खाऊन टाकते, खालच्या फरशीपर्यंत काही पोचत नाही.

म्हणून चिखल ओला आहे तोवरच फावड्यानं आणि खराट्यानं ओढून बाहेर काढावा. वाळला की सिमेंटसारखा बसतो. तो मोरीच्या जाळीतून लोटू नका, पाइप बसला तर दुप्पट काम. जाळी काढून खालचा गाळ हातानं उपसावा. हातात रबरी मोजे, पायात गमबूट. पाणी पाजताना वापरतो तेच गमबूट चालतील. मग साबणाच्या पाण्यानं फरशी आणि भिंतीवर जिथवर पाणी चढलं होतं तिथवर घासून धुवावं.

यानंतर पावडरीची पाळी. ताज्या टीसीएलमध्ये सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. दहा लिटर पाण्याला १५० ग्रॅम घ्यावी. अंदाजानं मूठ नको, तराजूवर तोलावी. प्लॅस्टिकच्या बादलीत कालवून गाळ खाली बसू द्यावा आणि वरचं निवळ पाणी फरशी, भांडं, नळ, दाराची कडी यांवर लावावं. अर्धा तास तसंच ठेवून मग धुवावं. हे पाणी त्याच दिवशी वापरावं. पोतं उघडं राहून दमट झालेल्या पावडरीत दम उरत नाही.

संडास धुवायचं ॲसिड आणि ही पावडर एकत्र कधीही आणू नये. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि चार बाय चारच्या खोलीत माणूस गुदमरतो. भांड्याला ॲसिड लावायचंच असेल तर वेगळ्या दिवशी, भरपूर पाणी ओतून झाल्यावर.

संडासाच्या टाकीविषयी थोडं सविस्तर सांगतो, कारण इथं जीव जातो. पूर ओसरल्यावर भांड्यातलं पाणी खाली जात नाही. लोक म्हणतात टाकी तुंबली, उपसा. बऱ्याचदा टाकी तुंबलेली नसते. भोवतालची जमीनच पाण्यानं भरलेली असते, शोषखड्ड्यातलं पाणी जाणार कुठं? रानाला निचरा नसला की सरीत पाणी उभं राहतं, तसंच हे. अशा वेळी टाकी पूर्ण रिकामी केली तर बाहेरच्या पाण्याच्या दाबानं विटांची भिंत आत येऊ शकते. पाण्याची पातळी खाली जाईपर्यंत सार्वजनिक संडास वापरावा. मग टाकीत गाळ भरला असेल तर मैला उपसणारी गाडी बोलवावी. माणूस आत उतरवायचा नाही. टाकीत विषारी वायू साठतो; पहिला पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघंही जातात. असं कुणाला उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हाही आहे. झाकणाजवळ बिडी-काडी ओढू नये. टाकीत पावडर ओतू नये, मैला कुजवणारे जिवाणू त्यानं मरतात.

भिंतींना घाई करू नका. दार-खिडकी उघडी ठेवून महिनाभर तरी वाळू द्याव्यात. ओल्या भिंतीवर रंग दिला तर लोणा फुटून पोपडे पडतात. फरशीवर नाणं वाजवून पाहावं; पोकळ आवाज आला तर खालची माती वाहून गेली आहे, गवंड्याला दाखवावं. प्लायवूडचं दार फुगलं असेल तर त्याचा मोह सोडावा.

पायाला जखम किंवा चिखल्या असतील त्यानं हे काम करू नये. उंदराच्या मुतातून येणारा लेप्टोचा जंतू तिथूनच शिरतो. साफसफाईनंतर दोन-तीन आठवड्यांत ताप आला, डोकं आणि पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर अंगावर काढू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन ‘पुराच्या चिखलात काम केलं होतं’ हे डॉक्टरांना आधी सांगावं.