गळ्याची तपासणी

शिर व मान तपासतांना परिचारिकेनें प्रथम पाहावें, मग हात लावावा. रोग्यास पाण्याचा घोट गिळावयास सांगावें. गलगंडाची सूज घोटाबरोबर वर सरकते. आहारांतील आयोडीनची उणीव हें तिचें एक प्रमुख कारण होय. नंतर हनुवटीखालीं, कानामागें व मानेच्या दोन्ही बाजूंस हलक्या बोटांनीं गांठी चांचपाव्या. मात्र मानेच्या दोन्ही धमन्या एकदम दाबूं नयेत. मेंदूचा रक्तपुरवठा घटून मूर्च्छा येण्याचा संभव असतो. दुखरी, मऊ गांठ बहुधा दांत किंवा घसा बिघडल्याची खूण असते. परंतु क्षयाच्या गंडमाळा आरंभीं बहुधा दुखत नाहींत. कर्करोगाची कठीण, न हलणारी गांठही पुष्कळदां दुखत नाहीं. म्हणून पालकहो, ‘दुखत नाहीं’ एवढ्यावर स्वस्थ बसूं नका. राहिलेली गांठ डॉक्टरांस सत्वर दाखवा.