कोंडलेली हवा तापली तर काय होते?

मित्रांनो, हवा डोळ्यांना दिसत नाही. पण ती जागा व्यापते आणि ढकलतेसुद्धा. सायकलच्या ट्यूबात नुसती हवाच असते, तरी ती माणूस आणि मागचे ज्वारीचे पोते दोन्ही तोलते. मग अशी कोंडलेली हवा तापली तर? गुरुजींनी आम्हाला वर्गात प्रयोग करून दाखवला. तो सगळ्यांनी वाचावा, आलेल्या पालकांनीही वाचावा.

प्रयोग

साहित्य : प्लॅस्टिकची रिकामी बाटली, एक फुगा, एका भांड्यात हाताला सोसेल इतके गरम पाणी, दुसऱ्यात गार पाणी.

कृती : बाटलीच्या तोंडाला फुगा घट्ट बसवा. बाटली गरम पाण्यात धरा. लोंबणारा फुगा हळूहळू उभा राहतो. आता बाटली गार पाण्यात धरा. फुगा पुन्हा मान टाकतो. कोणी फुंकर मारली नाही, आतली हवा होती तेवढीच आहे.

कारण : हवेचे अगदी बारीक कण असतात. ते मधल्या सुट्टीतल्या पोरांसारखे सारखे पळतात आणि भिंतींना धडकतात. या धडकांनाच दाब म्हणतात. हवा तापली की कण जास्त जोरात पळतात. फुगा ताणतो, म्हणून हवेला जागा मिळते. लोखंडी डबा ताणत नाही. मग आतला दाबच वाढतो.

शोध कोणी लावला?

जागा निम्मी केली की दाब दुप्पट होतो, हे रॉबर्ट बॉइल यांनी १६६२ साली सांगितले. उष्णतेने सगळे वायू सारखेच प्रसरण पावतात, हे गे-लुसॅक यांनी १८०२ साली दाखवले. १८३४ साली क्लॅपेरॉन यांनी दोन्ही नियम एकत्र जोडले.

थोडे गणित

शास्त्रज्ञ तापमानात २७३ मिळवून हिशोब करतात, कारण शून्याखाली २७३ अंशांपेक्षा थंड काहीच होऊ शकत नाही.

सकाळी २७ अंश : २७ + २७३ = ३००
तापल्यावर ५७ अंश : ५७ + २७३ = ३३०

म्हणजे बंद डब्यातला दाब १० होता तो ११ झाला. आता डबा विस्तवात ३२७ अंशांपर्यंत तापला असे धरा. ३२७ + २७३ = ६००. दाब सरळ दुप्पट! होळीचा विस्तव तर याहूनही जास्त तापतो. म्हणून बंद डबा बॉम्बसारखा फुटतो आणि पत्रा उडून डोळ्याला लागू शकतो.

ध्यानात ठेवा

१. होळीत, शेकोटीत किंवा चुलीत झाकणबंद डबा, बाटली टाकू नये.
२. सेंटचा किंवा डास मारायचा फवाऱ्याचा डबा रिकामा वाटला तरी त्यात दाबून भरलेला वायू उरलेला असतो. तो तर मुळीच टाकू नये, उन्हातही ठेवू नये.
३. सायकलीत हवा गच्च भरून ती भर उन्हात उभी करू नये. सावलीत लावावी.
४. कुकरची शिट्टी म्हणजे कोंडलेल्या वाफेची वाट. तिच्या भोकात भाताचे शीत अडकले नाही ना, हे आईने कुकर लावण्याआधी बघावे. वाफ पुरती गेल्याशिवाय झाकण काढू नये.

होळीला मोठी मुले गंमत म्हणून डबे टाकतात. त्यांना अडवा, नाही ऐकले तर लांब उभे राहा आणि मोठ्या माणसांना सांगा.

कोंडलेल्या हवेला तापवू नका!

— एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी