हिरवळ कशी मोजतात?

मुलांनो, झाडाच्या पानाचे क्षेत्रफळ तुम्ही कधी काढले आहे का? पान आलेख कागदावर ठेवायचे, त्याच्या कडेने पेन्सिल फिरवायची आणि आतले चौकोन मोजायचे. अर्धा किंवा अर्ध्याहून अधिक भरलेला चौकोन पूर्ण धरायचा, त्याहून कमी भरलेला सोडून द्यायचा. एवढे ज्याला जमते, त्याला गावाची हिरवळ मोजणेही समजेल. संगणक तेच करतो. फक्त त्याचा आलेख कागद फार मोठा असतो.

भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर अंबाडी हे गाव आहे. येथूनच एक रस्ता वज्रेश्वरीकडे फुटतो. जवळून तानसा नदी वाहते. आजूबाजूला भातशेती आहे, झाडी आहे. परंतु भिवंडीच्या परिसरात अनेक शेतांच्या जागी मोठमोठी गोदामे उभी राहिली आणि इमारतीही वाढल्या. अशा वेळी प्रश्न पडतो, हिरवी जागा किती उरली आणि नव्या वसाहतीत ती किती ठेवायची? नुसते पाहून 'पुष्कळ आहे' किंवा 'काहीच नाही' असे म्हणणे सोपे असते. वाद झाला की मात्र आकडा लागतो.

हा आकडा आकाशातून मिळतो. आपल्या देशाने १९८८ साली आय.आर.एस.-१ए हा उपग्रह सोडला. त्याच्या चांगल्या कॅमेऱ्यालाही सुमारे ३६ मीटरपेक्षा लहान वस्तू वेगळी दिसत नसे. २०१५ पासून युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रे कोणालाही फुकट मिळू लागली. त्यांतील एक चौकोन जमिनीवर १० मीटर लांब व १० मीटर रुंद असतो, म्हणजे १०० चौरस मीटर. आपल्याकडे जमीन गुंठ्यांत मोजतात आणि एक गुंठा सुमारे १०१ चौरस मीटरचा असतो. म्हणजे चित्रातला एक चौकोन हा जवळजवळ एक गुंठाच! यंत्रमागावरचे कापड भिंगाखाली धरले की ताणा-बाणा दिसतो ना, तसेच हे चित्र मोठे केले की चौकोनांची जाळी दिसते.

आता यांतला हिरवा चौकोन कोणता? येथे डोळ्यांवर विश्वास ठेवून चालत नाही. गोदामाचा पत्राही हिरवा रंगवलेला असू शकतो. जिवंत पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत पाठवते. उपग्रह हे दोन्ही मोजतो. अवरक्तातून तांबडा वजा करायचा आणि आलेल्या उत्तराला दोघांच्या बेरजेने भागायचे. समजा, झाडीतून अवरक्त ४५ आणि तांबडा ५ आला, तर ४० भागिले ५०, म्हणजे ०.८. छपरावरून २४ आणि २० आला, तर ४ भागिले ४४, म्हणजे ०.१ सुद्धा नाही. क्यूजीआयएस नावाचे मोफत सॉफ्टवेअर हा हिशोब लाखो चौकोनांसाठी थोड्याच वेळात करते.

पण जरा थांबा. चित्र कोणत्या महिन्यातले आहे? ऑगस्टमध्ये भात उभा असतो, बांधावर गवत असते. तेव्हा सारा परिसर हिरवागार ठरेल. मे महिन्यात तीच शेते कोरडी पडतात आणि मुख्यतः झाडेच उरतात. दोन्ही आकडे खरेच असतात. तरीही कोणी तुम्हांला नुसता आकडा दाखवला, तर आधी तारीख विचारा.

वसाहतीचा आराखडा काढताना निराळे सॉफ्टवेअर वापरतात. ऑटोकॅडमध्ये बागेची बंद सीमारेषा काढली की क्षेत्रफळ लगेच कळते. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीनुसार, काही अपवाद सोडता, ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर वसाहत करताना १० टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. समजा, अंबाडीत २०० मीटर लांब आणि १०० मीटर रुंद भूखंड आहे. त्याचे १० टक्के म्हणजे २,००० चौरस मीटर. ४५ मीटर बाजूचे चौरस मैदान ठेवले, तर २,०२५ होतात. आणि कुंपणाच्या आतून सगळीकडे साडेतीन मीटरची पट्टी सोडली, तर २,०५१ होतात! सॉफ्टवेअरला दुसरी जागा अधिक वाटेल. त्या पट्टीत क्रिकेटची खेळपट्टी मावेलही, पण क्षेत्ररक्षक उभे कोठे राहणार? म्हणूनच नियमांत मोकळ्या जागेच्या रुंदीचाही विचार केलेला असतो.

एकट्या झाडाचे काय होते, तेही पाहा. चार मीटर त्रिज्येच्या आंब्याची सावली सुमारे ५० चौरस मीटर पडते, म्हणजे उपग्रहाचा अर्धा चौकोन. तो हिरवा धरला जाईल किंवा गाळला जाईल. त्यामुळे आराखडा करणारी माणसे हातात टेप घेऊन जागेवर जातात, प्रत्येक झाडाची जात व खोडाचा घेर लिहून घेतात आणि नकाशावर त्या जागी एक लहानसे वर्तुळ काढतात.

शब्दार्थ : हिरवळ – सब्ज़ा, क्षेत्रफळ – रक़बा, आराखडा – नक़्शा, ख़ाका, कुंपण – बाड़, घेर – गोलाई.

स्वाध्याय : (१) हिरवा पत्रा आणि हिरवे पान यांतील फरक उपग्रहाला कसा कळतो? (२) ऑगस्ट आणि मे महिन्यांतील आकडे वेगळे का येतात? (३) तुमच्या शाळेच्या आवाराचा नकाशा आलेख कागदावर काढा आणि त्यातील हिरवे चौकोन मोजा.