हजेरी

रोज सकाळी प्रार्थना संपली की मी वर्गात येतो, हजेरीपत्रक उघडतो आणि एकेकाचे नाव घेतो. तुम्ही 'हजर' म्हणता. हा शब्द तुमच्या घरचाच आहे. अरबी-फारसीतील 'हाजिरी' मराठीत आली आणि तिची 'हजेरी' झाली. कायदा, गुन्हा, जमात, हुकूम, कैद, जामीन हे शब्दही असेच इकडे आले आणि इकडचेच झाले. आजच्या पाठात हे सगळे शब्द तुम्हांला भेटतील. पण ते ज्या हकिकतीत भेटतील ती काही आनंदाची नाही.

इंग्रजांच्या राज्यात आपल्या सातारा-सांगली भागातल्या काही गावांमध्ये संध्याकाळनंतर दुसरीच एक हजेरी होत असे. ती शाळेत होत नसे, गावच्या चावडीवर होत असे. कंदिलाच्या उजेडात पोलीस पाटील वही उघडून बसे. समोर रामोशी किंवा मांग वस्तीतली माणसे उभी असत. नाव घेतले की 'हजर' म्हणायचे. त्यांनी चोरी केली होती असे नाही. ती त्या जातीत जन्मली होती, एवढेच. दिवसभर शेतात राबून आलेला माणूस आजारी असो, घरी लग्न असो की मयत असो, चावडीवर यायलाच हवा. दुसऱ्या गावी बहिणीला भेटायला जायचे असले तरी परवानगीचा कागद लागे. कागद नसला की तुरुंग.

अशी वेळ या लोकांवर का आली? वाईच्या भोवती पांडवगड, वैराटगड, कमळगड हे किल्ले आहेत. तुम्ही सहलीला गेला असाल. मराठ्यांच्या काळात अशा किल्ल्यांची आणि पायथ्याच्या गावांची राखण करणाऱ्यांमध्ये रामोशी असत. चोरी होऊ न देणे हेच त्यांचे काम होते आणि त्याबद्दल त्यांना जमीन किंवा धान्य मिळे. १८१८ साली पेशवाई संपली. गड इंग्रजांच्या ताब्यात गेले. राखणदार राहिले, पण राखण उरली नाही. पुरंदर भागातील उमाजी नाईक यांनी रामोशांना गोळा करून बंड केले. १८३२ साली पुण्यात त्यांना फाशी देण्यात आले. तेव्हापासून रामोशी म्हटला की सरकारच्या कपाळाला आठी पडू लागली. कालचा पहारेकरी आज संशयित झाला!

इतरांचेही असेच झाले. लमाण लोक बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरत. आगगाडी आली आणि त्यांचा धंदा बसला. जंगलाचे कायदे आले आणि पारध्यांची शिकार बंद झाली. पोटासाठी गावोगाव हिंडणारा माणूस सरकारला नकोसा वाटू लागला, कारण त्याचा पत्ता वहीत लिहिता येत नाही.

१८७१ साली इंग्रज सरकारने 'गुन्हेगार जमाती कायदा' केला. त्यामागचा विचार ऐकून तुम्हांला नवल वाटेल. हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा मुलगा विणकर होतो, तेव्हा चोराचा मुलगा चोरच होणार, असे सरकारचे म्हणणे होते. म्हणजे आईच्या मांडीवरचे तान्हे मूलही चोर! पुढे १९११ साली हा कायदा आणखी कडक करून सगळीकडे लागू करता येईल असा केला गेला. एखादी जमात 'गुन्हेगार' आहे असे सरकारने जाहीर केले की त्यातल्या माणसांची नोंद होई, बोटांचे ठसे घेतले जात. त्यांना एका जागी डांबता येई. मुलांना आईबापांपासून वेगळे ठेवण्याची तरतूदही त्यात होती. सोलापुरात तारेच्या कुंपणात अशी वसाहत होती. लोक तिला 'सेटलमेंट' म्हणत. तिथली माणसे गिरणीत कामाला जात आणि पुन्हा कुंपणात परत येत.

इंग्रजांनी १८४३ च्या कायद्याने हिंदुस्थानात गुलामगिरीला मान्यता नाही असे ठरवले होते. बाजारात माणूस विकता येत नाही, हे खरे. पण ज्याला आपल्या मर्जीने शेजारच्या गावीही जाता येत नाही, त्याला तुम्ही काय म्हणाल?

वाळवे तालुक्यातील वाटेगावचे अण्णा भाऊ साठे यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. ते १९२० साली मांग समाजात जन्मले. शाळेत ते जेमतेम दीड दिवस गेले, असे सांगतात. पण कथा-कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या त्या शाळा शिकलेल्यांनीही वाचाव्यात अशा. 'फकिरा' या त्यांच्या कादंबरीत ही हजेरी आहे आणि ती नाकारणारी माणसेही आहेत. ही कादंबरी त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अर्पण केली. वरच्या वर्गात गेल्यावर ती जरूर मिळवून वाचा. भाषा थोडी अवघड वाटेल, पण अडणार नाही.

देश स्वतंत्र झाला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. या जमाती 'विमुक्त' झाल्या. म्हणूनच अनेक ठिकाणी ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन पाळतात. वही बंद झाली खरी. पण पोलिसांच्या आणि गावकऱ्यांच्या मनातली वही उघडीच राहिली. गावात चोरी झाली की आधी पालावर धाड पडे. उचल्या समाजातील लक्ष्मण गायकवाड यांनी 'उचल्या' या आत्मकथनात लहानपणी पाहिलेल्या अशा धाडींविषयी लिहिले आहे. १९९८ साली बारामतीत एक पारधी मजूर पोलीस कोठडीत मरण पावला.

पोलिसाच्या हातात काठी असते, ती कायद्याने दिलेली असते. म्हणून ती कशी वापरावी हेही कायद्यानेच सांगितले आहे. पकडलेल्या माणसाला का पकडले ते सांगायचे, वकील भेटू द्यायचा आणि चोवीस तासांच्या आत न्यायाधीशापुढे उभे करायचे, असे आपल्या संविधानाच्या २२ व्या कलमात आहे. त्याच्या नातेवाइकांना कळवायचे आणि कोठडीत असताना दर ४८ तासांनी डॉक्टरकडून तपासणी करायची, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली डी. के. बसू खटल्यात बजावले. हे नियम पाठ करा. परीक्षेत कोणी विचारणार नाही, तरीही करा. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याच न्यायालयाने तुरुंगाच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितले आणि विमुक्त जमातींच्या लोकांना उगाच पकडू नका, असेही पोलिसांना सुनावले. कायदा रद्द होऊन तेव्हा बहात्तर वर्षे झाली होती.

नुसते नाव किंवा वस्ती ऐकून माणसाविषयी मत बनवणे म्हणजे काय, याचा अनुभव तुमच्यापैकीही काहींना असेल. पण असे करणारे नेहमी दुसरेच असतात असे समजू नका. बी.एड. होऊन मी नोकरीला लागलो तेव्हाची गोष्ट आहे. त्या शाळेत माझ्या वर्गात पालावरचा एक मुलगा होता. अक्षर सुरेख, गणितात हुशार. एके दिवशी शिक्षकांच्या खोलीतून एक मोबाइल नाहीसा झाला. हवालदार आले. "गुरुजी, तुमचा संशय कोणावर?" त्यांनी विचारले. त्या मुलाला खोलीजवळ कोणीही पाहिले नव्हते. मी हजेरीपत्रक उघडले आणि त्याच्या नावावर बोट ठेवले.

त्याला चौकीत नेले आणि संध्याकाळी सोडले. परतताना तो पाय ओढत चालत होता. मोबाइल दुसऱ्या दिवशी एका शिक्षकांच्या पिशवीतच सापडला. मी पालावर गेलो, तर तिथे चुलीचे तीन दगड आणि थोडी राख एवढेच उरले होते. महिनाअखेरपर्यंत मी रोज हजेरी घेताना त्याचे नाव घेत होतो. वर्ग गप्प बसून राही.