वाक्याचा शेवट सांभाळताना

नारदीय कीर्तनात एकच माणूस उभ्यानं गातो, निरूपण करतो, आख्यानातला राजा होतो आणि दासीही. ध्वनिक्षेपक नव्हते तेव्हाही देवळातल्या शेवटच्या खांबाला टेकून बसलेल्या म्हातारीपर्यंत त्याला पोचावं लागे. मी बोलायला शिकले ते या परंपरेत. आता वक्तृत्वाच्या वर्गात तेच शिकवते.

१. वाक्याचा शेवट सांभाळा. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नकार बहुधा त्याच्याही मागे. ‘हा निर्णय आपल्या हिताचा आहे असं मला वाटत नाही’ यातलं ‘नाही’ घशात विरलं, की अर्थच उलटला. नवे वक्ते सुरुवात दणक्यात करतात आणि शेवटी आवाज सोडून देतात. म्हणून मी वाक्य मागून म्हणून घेते: आधी शेवटचा शब्द, मग शेवटचे दोन, मग तीन. मुलं कंटाळतात, पण कुठे किती श्वास राखायचा हे हळूहळू त्यांच्या अंगवळणी पडतं. माझ्या लेखी वक्तृत्वाच्या शिक्षणात याहून मोठा धडा नाही.

२. श्वास पोटातून घ्या. उताणं झोपून पोटावर पुस्तक ठेवा. श्वास घेताना ते वर आलं पाहिजे. खांदे उचलत असतील तर श्वास उथळ आहे.

३. आपली पट्टी ओळखा. गाणाऱ्याला पेटीवाला पट्टी विचारतो, बोलणाऱ्याला कुणी विचारत नाही. भीतीनं गळा आवळतो, आवाज वर चढतो आणि मग पुढे चढायला जागाच उरत नाही. कीर्तनकार पूर्वरंगात, म्हणजे कीर्तनाच्या पहिल्या भागात, संथपणे निरूपण करतो ते उगाच नाही. उत्तररंगात आख्यान येतं, त्यातल्या युद्धप्रसंगासाठी त्याला गळा राखायचा असतो. नमनालाच घडाभर तेल घालून कसं चालेल?

४. पात्र बदलायला गळा पिळू नका. लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगात एकटे पन्नासाहून अधिक पात्रं उभी करत. असं काही करायचं तर बोलण्याची गती, हेल, मानेचा कल यांवर मेहनत घ्यावी. चिरका किंवा घोगरा आवाज काढून पात्र दोन वाक्यांपलीकडे टिकत नाही.

५. माइक तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित तिरपा असू द्या. प, फ, भ थेट त्यावर आदळले की फटफट ऐकू येते.

६. थांबायला शिका. निरूपणात कीर्तनकार मूळ पदाकडे परत येतो, साथीदार ते उचलतात आणि तेवढ्यात श्रोत्याच्या मनात अर्थ मुरतो. भाषणात हे काम विरामानं करायचं असतं. प्रश्न विचारलात तर श्रोत्याला मनातल्या मनात उत्तर देऊ द्या. स्पर्धेतली मुलं घंटेच्या धाकानं पाच मिनिटांत सात मिनिटांचा मजकूर कोंबतात. मी तो कापते. पालकांना वाईट वाटतं, कारण बरेचदा तो त्यांनीच लिहिलेला असतो. तरी कापते आणि उरलेल्या मजकुरात कुठे थांबायचं तिथे पेन्सिलीनं उभ्या रेघा मारून देते.