परीक्षेतला नव्हे, शेतातला भोपळा

परीक्षेतला भोपळा कुठल्याच घरात चालत नाही. पण बारावीनंतर मुलीने ‘मला वेलभाज्यांच्या वाणांवर काम करायचंय’ म्हटलं, तरी आईवडिलांचे चेहरे तसेच पडतात. शेतीच करायची तर एवढं शिकायचं कशाला, हा त्यामागचा प्रश्न. पण वाण तयार करणाऱ्याचं खरं काम निवडीचं असतं, आणि निवडायला समोर फरक असावे लागतात. काकडी, दोडका, खरबूज यांच्यातल्या फरकांचं आपल्याकडचं भांडार मोठं आहे. काकडीची कडू रानटी भावंडं हिमालयाच्या पायथ्याशी आजही उगवतात. बिहारकडच्या सातपुतिया दोडक्याच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात, आणि फळं घोसाने लागतात.

या फरकांची किंमत संकटात कळते. काकडीवरच्या केवडा रोगाला तोंड देणारा गुण अमेरिकेतल्या संशोधकांना भारतातून नेलेल्या एका नमुन्यात मिळाला. त्या जोरावर तिथली काकडी अनेक वर्षं तगली. २००४ मध्ये रोग नव्या रूपात आला, ते संरक्षण तोकडं पडलं आणि बियाण्यांच्या संग्रहांत पुन्हा शोधाशोध सुरू झाली. २०१२ च्या सुमारास नवी दिल्लीचं नाव लागलेला एक विषाणू स्पेनच्या झुकिनीवर पोहोचला. खरबुजाला त्याच्यापासून वाचवणारा प्रतिकार सापडला तो भारतीय खरबुजांत. रोग बदलत राहतो, म्हणून हे काम एकदा करून संपत नाही.

‘जनुकं संगणकावर वाचता येतात, मग माणूस कशाला?’ हा आक्षेप अर्धाच खरा आहे. जनुकांच्या खुणांमुळे निवड लवकर होते. पण खूण कुठल्या गुणाची, हे ठरतं वेल लावून, फळ मोजून, चाखून. कारल्याचा संकर करताना आदल्या संध्याकाळी उमलू घातलेली नर आणि मादी फुलं कागदी पिशवीने झाकतात. सकाळी मधमाशीचा हात लागण्याआधी नर फुलाचे पराग मादी फुलावर टेकवून पिशवी पुन्हा चढवतात आणि देठाला तारखेची चिठ्ठी बांधतात. मादी फूल ओळखायचं ते पाकळ्यांखालच्या इवल्याशा खरबरीत कारल्यावरून.

नोकरीची काळजी मात्र रास्त आहे. सरकारी भरती बेभरवशाची, आणि नुसत्या पदवीवर संशोधक होता येत नाही. चार वर्षांची बी.एस्सी. कृषी, मग वनस्पती प्रजनन किंवा भाजीपाला शास्त्रात एम.एस्सी., आणि संशोधनातच राहायचं तर पीएच.डी., इतका पल्ला धरूनच निघावं. राहुरीच्या विद्यापीठाने कारल्याचं ‘हिरकणी’ दिलं, दापोलीने ‘कोकण तारा’. अकोल्यात राष्ट्रीय वनस्पती जनुकीय संसाधन ब्युरोचं केंद्र आहे, तर जालना बियाणे कंपन्यांचं गाव. वाटा आहेत, पण धीर हवा: एक वाण उभा राहायला सहज आठ-दहा वर्षं जातात. म्हणून गुणपत्रिकेआधी मुलीचा स्वभाव पाहा. शेजारशेजारच्या दोन वेलींतला फरक तिला दिसतो का, आणि तो महिनाभर न कंटाळता वहीत टिपते का? उत्तर ‘हो’ असेल, तर भोपळ्याला घाबरायचं कारण नाही.