गाठ बाहेर कशी काढणार, हे विचारा

दुर्बिणीतून ऑपरेशन म्हटलं की आपले प्रश्न ठरलेले: टाके किती पडणार आणि घरी कधी सोडणार? नऊ सेंटिमीटरची गाठ दीड सेंटिमीटरच्या छिद्रातून बाहेर येणार तरी कशी, हे कुणी विचारत नाही.

माझी फायब्रॉइडची गाठ काढली तेव्हा मी अडतिशीत होते. गर्भाशय ठेवायचं होतं, म्हणून फक्त गाठ काढली. दुसऱ्या दिवशी घरी. पुढे काही वर्षांनी डाव्या व्रणाखाली काहीतरी घट्ट हाताला लागायला लागलं. हर्निया असेल म्हणून सोनोग्राफी, मग एमआरआय. पोटाच्या भिंतीला आतून फायब्रॉइडच्याच छोट्या गाठी चिकटल्या होत्या. कॅन्सर नव्हता, पण या वेळी पोट उघडावंच लागलं.

नव्या डॉक्टर मॅडमनी जुनं डिस्चार्ज कार्ड बघितलं. ‘गाठ मॉर्सेलेटरने काढली’, एवढंच लिहिलेलं. मग त्यांनी पहिल्या ऑपरेशनचा पेनड्राइव्ह लावला. मॉर्सेलेटर म्हणजे पोकळ नळी आणि तिच्या तोंडाशी गरगर फिरणारं पातं. चिमट्याने गाठ त्यात ओढली की सोऱ्यातून शेव पडावी तशा पट्ट्या निघतात. पडद्यावर मला त्या पट्ट्यांपेक्षा आजूबाजूला उडणारे पांढरट कण जास्त दिसले. पोट सलाइनने धुतलं होतं, तरी एखादा कण राहतोच. त्याला रक्त मिळालं की तो तिथेच वाढतो.

माझं साध्या गाठीवर निभावलं. अमेरिकेतल्या डॉ. एमी रीड स्वतः भूलतज्ज्ञ होत्या. २०१३ मध्ये त्यांचं गर्भाशय असंच तुकडे करून काढलं आणि तपासणीत सार्कोमा, म्हणजे कॅन्सर, निघाला. त्या आणि त्यांचे पती या यंत्राविरुद्ध उभे राहिले. २०१४ मध्ये तिथल्या एफडीएने इशारा दिला, तेव्हा फायब्रॉइडसाठी ऑपरेशन होणाऱ्या साधारण ३५० बायकांमध्ये एकीला लपलेला सार्कोमा असू शकतो, असा अंदाज मांडला. पुढे काही अभ्यासांत धोका बराच कमी निघाला. या आकड्यावर अजून वाद आहे. रीड २०१७ मध्ये गेल्या. २०२० मध्ये एफडीएने सांगितलं की यंत्र वापरायचंच, तर योग्य रुग्णातच आणि बंद पिशवीत.

गाठ पोटातच पिशवीत भरतात, पिशवीचं तोंड छिद्रातून बाहेर ओढतात आणि मग आत तुकडे करतात, यंत्राने किंवा हाताने, चाकूने. मी आता असंच करा म्हणेन. पण पिशवी म्हणजे हमी नव्हे. पातं लागून ती फाटू शकते; रंगीत पाणी भरून केलेल्या चाचण्यांत कधीकधी गळती दिसली आहे. शिवाय माझ्यासारख्या केसमध्ये गाठ गर्भाशयापासून सोडवतानाच थोड्या पेशी सांडू शकतात. तेव्हा ‘पिशवी वापरतो’ एवढ्यावर समाधान मानू नका. ती फाटली तर काय करणार, योनीमार्गे किंवा छोट्या छेदातून गाठ अखंड निघेल का, हेही विचारा.

ऑपरेशनआधी सार्कोमा नक्की ओळखणारी तपासणी नाही. एमआरआयवरून संशय येतो, गर्भाशयाच्या अस्तराच्या बायोप्सीत तो सुटू शकतो. पाळी गेल्यावर गाठ वाढत असेल तर दुर्बिणीचा हट्ट धरू नका. माझ्या मोठ्या जाऊबाईंना डॉक्टरांनी सरळ पोट उघडायला सांगितलं, त्यावर त्या रुसल्या होत्या. डॉक्टरांचंच बरोबर होतं. तरुण बाईत, साध्या दिसणाऱ्या गाठीला दुर्बीणच बरी: रक्त कमी जातं आणि माणूस लवकर उभं राहतं.

काढलेला सगळा भाग पॅथॉलॉजीला गेला का, ते विचारा आणि रिपोर्ट स्वतः आणा. डिस्चार्ज कार्डावर तुकडे केले का, पिशवी वापरली का, ती शाबूत निघाली का, हे लिहून घ्या. पिशवीचा खर्चही आधीच विचारा. वापरून टाकायच्या वस्तूंचे पैसे बऱ्याच मेडिक्लेममध्ये मिळत नाहीत.